वरची दाढ गेली, खालची ठणकत राहिली: एका एसटी वाहकाच्या दातदुखीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण 43 वर्षांचे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या आगारात एसटीचे वाहक. घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. त्यांना इथं दत्तात्रय म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याला त्यांची संमती आहे. ते माझ्याकडे आले तोवर दुखण्याला तीन महिने झाले होते, दोन दवाखाने झाले होते आणि एक दाढ गेली होती. मी रूट कॅनलचंच, म्हणजे दाढेतली नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरण्याचं, काम करणारी दंतवैद्य आहे. त्याआधीची हकिकत त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं सांगितली. औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक एक्स-रे यांच्याशी ती पडताळून इथं मांडली आहे.

दुखणं सुरू झालं ते दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवसांत एसटीत जादा गाड्या असतात आणि रजा मागायची सोय नसते. खालच्या डाव्या बाजूच्या मोठ्या दाढेत कधीकाळी चांदी भरलेली होती. तिच्या कडेनं आत कीड शिरली असणार, पण वरून काही दिसत नव्हतं. त्याच बाजूला वरच्या एका दाढेला मात्र मोठं काळं भगदाड होतं. ते वर्षानुवर्षं तसंच होतं आणि त्याचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. पुढचा सगळा घोळ या दोन दाढांमधला आहे.

दुखणं कसं वाढत गेलं

आधी थंड पाण्यानं सणक यायची आणि लगेच जायची. पंधरवड्यात गरम चहा सोसेना. मग काही न खाता-पिताही ठणका सुरू झाला. रात्री आडवं झालं की वाढायचा, कानात जायचा, वरच्या जबड्यात जायचा. वस्तीच्या गाडीवर असले की आणखी हाल, कारण मुक्कामाच्या गावात मेडिकलचं दुकानच नाही. चालक गाडीत झोपलेला आणि हे देवळाच्या पारावर बसून रात्र काढत.

याच काळात त्यांना एक उपाय सापडला. थंड पाण्याचा घोट तोंडात धरला की ठणका थांबतो. पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू. म्हणून ते ड्यूटीवर बर्फ घातलेली बाटली नेऊ लागले. गाल फुगवून तिकिटं फाडायची म्हणजे बोलायची पंचाईत, तेव्हा भाडं बोटांनी दाखवायचं आणि उतारू हुज्जत घालायला लागला तर खिडकीबाहेर चूळ टाकून बोलायचं. आगारात त्यावरून बरीच थट्टा झाली.

दातांच्या डॉक्टरला ही एक बाटली पुरेशी असते. सुरुवातीला थंडानं दुखणारी दाढ पुढे गरमानं दुखते आणि थंडानं शांत होते, याचा अर्थ तिच्यातली नस सुजून परत न सुधारण्याच्या टोकाला गेली आहे. भोवती सगळा कठीण दात असल्यानं सुजेला पसरायला जागा नसते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणकाही वाढतो. या अवस्थेत उपाय दोनच: दाढ उघडून नस काढणं किंवा दाढच काढणं. प्रतिजैविकाचा, म्हणजे जंतूंवरच्या औषधाचा, इथं उपयोग होत नाही, कारण हे दुखणं सुजेचं असतं.

बाटलीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ती आपली एक युक्ती, त्यात डॉक्टरला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

पहिला टप्पा: गोळ्या

मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी, मग लवंगेचं तेल, मग आगाराजवळच्या डॉक्टरांकडून अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं आणि एक जोरदार वेदनाशामक. कुणीतरी सांगितलं म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवली, तर तिथली कातडी पांढरी पडून सोलली. गोळी पोटात जाऊन काम करते. हिरडीवर ठेवली तर ती भाजते. वेदनाशामक उपाशीपोटी घेतल्यामुळे पित्त झालं ते वेगळंच. या टप्प्यावर मी फार थांबत नाही. दिवाळीत रजा नसलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

दुसरा टप्पा: वरची दाढ

दिवाळी झाल्यावर ते तालुक्याच्या दंतवैद्याकडे गेले. तोंडात बॅटरी मारली, वरचं भगदाड दिसलं, निदान झालं. एक्स-रे नाही, थंड-गरम लावून पाहणं नाही, आरशाच्या दांडीनं दाढांवर टिचकी मारून पाहणं नाही. "ही काढावी लागेल." दत्तात्रय म्हणाले, "काढा."

इंजेक्शन दिलं. वरची हिरडी आणि गाल बधिर झाला. त्यानंतरचा संवाद त्यांच्या पत्नीला शब्दन् शब्द आठवतो, कारण त्या दारातच उभ्या होत्या.

"डॉक्टर, जागा बधिर झाली, पण ठणका आहे तसाच आहे."

"हात लावलेला दुखतोय का?"

"नाही."

"मग झालं तर. आ करा."

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच, असं माझं मत आहे. दुखणारा दात बधिर केला की त्याचं दुखणं थांबलं पाहिजे. वरचा भाग पूर्ण बधिर असताना ठणका तसाच राहतो, तेव्हा तो वरून येतच नसतो. दुखणारी दाढ नेमकी कोणती हे कळेना, तर आम्ही मुद्दाम एकेक भाग बधिर करून पाहतो. ही रीतसर तपासणी आहे. इथं ती आपसूक झाली, उत्तरही रुग्णाच्याच तोंडून आलं, आणि चिमटा हातात असल्यामुळे ते ऐकलं गेलं नाही.

वरच्या आणि खालच्या दातांची संवेदना शेवटी एकाच मोठ्या चेतातंतूच्या शाखांतून जाते. म्हणून खालच्या दाढेची कळ वर, कानात किंवा कानशिलात जाणवणं नेहमीचं आहे. ती सहसा चेहऱ्याची मधली रेघ ओलांडत नाही, डावीकडचं दुखणं डावीकडेच राहतं. पण त्या बाजूचा नेमका कोणता दात हे रुग्णाला सांगता येत नाही. सूज मुळाच्या टोकापर्यंत गेली की मग चावताना दाढ बरोबर सापडते. तोवर रुग्णाच्या बोटावर भरवसा ठेवून चालत नाही, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या भगदाडावर तर मुळीच नाही.

दाढ निघाली. 500 रुपये रोख दिले, पावती मिळाली नाही. रात्री इंजेक्शनचा असर गेला आणि ठणक्यात जखमेची भर पडली.

मध्यंतर: दुखणं थांबलं

दुसऱ्या दिवशी ते परत गेले, तेव्हा "काढल्याचं दुखणं आहे, आठवडा लागेल" असं सांगून पुन्हा प्रतिजैविकं लिहून दिली. घरात वेगळंच चाललं होतं. वरची दाढ काढली की डोळे जातात, अशी सासूबाईंची ठाम समजूत. दत्तात्रयांच्या डोळ्याला जागरणानं पाणी येत होतं, ते दाढेच्या खात्यावर गेलं. दाताच्या नसेचा दृष्टीशी संबंध नाही. पण ही समजूत इतकी पक्की आहे की वरची दाढ काढायला लोक वर्षानुवर्षं येत नाहीत.

आणि मग सहाव्या-सातव्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. बाटली सुटली. डॉक्टरांना वाटलं दाढ काढल्याचा गुण, घरच्यांना वाटलं गोळ्यांचा गुण. खरं म्हणजे खालच्या दाढेतली नस त्या दिवसांत मेली होती. मेलेली नस दुखत नाही. ती सडत राहते, आणि तिच्यातले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. ठणकणारी दाढ उपचाराशिवाय गप्प झाली तर नेमकं तेव्हा दवाखान्यात जावं, हे कुणाच्या गळी उतरवणं फार अवघड असतं. ज्याला महिनाभरानं झोप लागली, त्याला काय सांगणार?

तिसरा टप्पा: रूट कॅनल

जानेवारीत घास चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटू लागली आणि एके सकाळी डावा गाल सुजला. आता दाढ कोणती हे उघड होतं. या वेळी ते जिल्ह्याच्या गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं छोटा एक्स-रे काढला, खालची दाढ बरोबर ओळखली, आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञानं एकाच बैठकीत रूट कॅनल केलं. 3500 रुपये घेतले. कॅपचे 4000 वेगळे, "जमतील तेव्हा बसवू."

एका बैठकीतलं रूट कॅनल हे मुळात चूक नाही. नीट केलं तर ते चांगलं टिकतं. पण चावताना दुखणं राहिलं आणि तीन आठवड्यांनी सूज परत आली. ते फोन करत राहिले. उत्तरं अशी मिळाली: तज्ज्ञ रविवारी येतात, गोळ्या चालू ठेवा, कॅप बसली की थांबेल. दत्तात्रय कॅपसाठी पतपेढीतून पैसे काढायला निघाले होते. त्यांच्या पत्नीनं अडवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आत दुखतंय ते वरून झाकल्यावर कसं थांबेल?

थांबणार नव्हतंच. कॅप दाढेला फुटण्यापासून वाचवते. आतल्या जंतुसंसर्गावर ती काहीच करत नाही.

आमच्याकडे काय दिसलं

हिरडीवर दाढेशेजारी पू भरलेला फुगवटा होता. ताप नव्हता, तोंड पूर्ण उघडत होतं, गिळायला त्रास नव्हता, गळ्याकडे सूज उतरलेली नव्हती. या चार गोष्टी आम्ही सगळ्यात आधी पाहतो. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. अशा रुग्णाला दातांच्या खुर्चीवर न बसवता थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असतं. साखर तपासली, ती ठीक होती.

नव्या एक्स-रेत मुळाच्या टोकांशी काळी सावली दिसली. पुढच्या मुळातलं भरण टोकाच्या बरंच अलीकडे संपलेलं होतं. मागच्या मुळातलं भरण मधोमध नव्हतं, एका कडेला सरकलेलं होतं. भरण असं कडेला दिसलं की दुसऱ्या बाजूला आणखी एक नळी राहून गेल्याचा संशय घ्यायचा. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, पण चौथी नळी असलेली माणसंही पुष्कळ.

पर्याय

दत्तात्रय खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, काढून टाका. झंझट नको."

काढणं स्वस्त आणि एका फेरीचं काम होतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच सुचलं असतं. पण वरची दाढ आधीच गेलेली. ही गेली की डावी बाजू चावायला जवळजवळ निकामी. मग रिकामी जागा भरायला एक तर शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधारानं मधला नकली दात, म्हणजे ब्रिज, बसवायचा, नाहीतर हाडात स्क्रू बसवून इम्प्लांट करायचं. दोन्हीचा खर्च दाढ वाचवण्यापेक्षा जास्त. काढून तसंच सोडलं, तर शेजारचे दात हळूहळू कलतात.

दुसरा पर्याय जुनं भरण काढून रूट कॅनल पुन्हा करण्याचा. यश पहिल्या खेपेइतकं खात्रीचं नसतं, पण राहिलेली नळी सापडली तर आशा चांगली. तिसरा, हाडातून शस्त्रक्रिया करून मुळाचं टोक काढणं; खालच्या दाढांत तिथून ओठाची नस जवळ असते, म्हणून तो आम्ही मागं ठेवला. गोळ्या घेत वाट पाहणं हाही एक पर्याय म्हणायचा तर तो तीन महिने वापरून झाला होता.

शासकीय दंत महाविद्यालयाचाही विचार केला. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ही महाविद्यालयं आहेत. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम खाजगीच्या मानानं फार थोड्या पैशांत करतात आणि वेळ देऊन करतात. अडचण फेऱ्यांची. प्रत्येक फेरीला एक रजा आणि आगारप्रमुखाची मर्जी. आरोग्य विम्यातून यातलं काही निघणार नव्हतं. अपघाताची इजा सोडली तर दातांचा बाह्यरुग्ण उपचार बहुतेक पॉलिसींत नसतोच.

ते कॉलेजकडे झुकले होते. शेवटी फेऱ्यांमुळे नाही म्हणाले. पैशांपेक्षा रजा महाग पडणारी माणसं माझ्याकडे बरीच येतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

काय केलं

पैशांचं बोलण्याआधी दाढ वाचण्यासारखी आहे का हे पाहिलं. जुनं सिमेंट काढून भिंती तपासल्या, तडा शोधला. मुळापर्यंत तडा असता तर पुढचं सगळं काम फुकट गेलं असतं. तडा नव्हता.

मग रबर डॅम लावला, म्हणजे दाढेभोवती ताणून बसवायचा पातळ रबराचा पडदा. थुंकी आत जात नाही आणि नळ्या धुण्याचं औषध घशात उतरत नाही. दत्तात्रय आरशात बघून म्हणाले, "गाडीच्या टपावर ताडपत्री टाकतात तसं झालं." आधीच्या बैठकीत असं काही लावलेलं त्यांना आठवत नव्हतं.

जुनं भरण काढायला वेळ लागला. मागच्या मुळात जिभेच्या बाजूला चौथी नळी भिंगाखाली सापडली. सुई आत जाताच घाण वास आला आणि पू वर आला. दाबाचं दुखणं तिथंच खुर्चीत उतरलं. नळ्या धुऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरलं. वरचं तात्पुरतं भरण नेहमीच्या मऊ लुकणाचं न करता ग्लास आयोनोमर या टणक सिमेंटचं केलं, कारण ड्यूटीमुळे पुढची तारीख हुकणार हे मी धरूनच चालले होते. मऊ भरण निघालं की आत पुन्हा थुंकी जाते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. तारीख हुकलीच.

औषध म्हणून जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500, दोन दिवस. ही जोडी एकेकट्या गोळीपेक्षा चांगली चालते. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास नाही हे आधी विचारून घेतलं. प्रतिजैविक दिलं नाही. पू बाहेर निघाला होता, ताप नव्हता, सूज पसरत नव्हती. यावरून नवरा-बायको दोघंही नाराज झाले. "इतका पू निघाला आणि पॉवरची गोळी नाही?" त्यांना समजावण्यात कामाइतकाच वेळ गेला. ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे गेली तर रात्र असली तरी मोठं रुग्णालय गाठायचं, हे कागदावर लिहून दिलं.

दुसऱ्या बैठकीत फुगवटा गेलेला होता, दाढेवर टिचकी मारून दुखलं नाही. चारही नळ्या भरल्या. धातूची साधी कॅप त्याच महिन्यात बसवली. दातांच्या रंगाची महाग पडते आणि मागच्या दाढेत दिसतही नाही. रूट कॅनल झालेली दाढ कॅपशिवाय सोडली तर चावताना उभी फुटण्याचा धोका मोठा, म्हणून कॅप लांबणीवर टाकू दिली नाही. हप्ते मात्र पाडून दिले.

काय वेगळं होऊ शकलं असतं

पहिल्या दवाखान्यात बर्फाचा एक खडा दोन्ही दाढांना आळीपाळीनं लावला असता तर निदान तिथंच झालं असतं. वरच्या दाढेला लावून ठणका गेला नसता, खालची शांत झाली असती. खर्च शून्य. बर्फ नसेल तर दोन प्रश्न पुरेसे होते: रात्री झोपमोड होते का, आणि कशानं बरं वाटतं? आणि हे सगळं राहून गेलं तरी इंजेक्शननंतर रुग्ण जे बोलला त्यावर थांबायला हवं होतं. निदानाची खात्री नसताना दाढ काढू नये. काढलेली परत बसवता येत नाही.

दुसऱ्या दवाखान्याबद्दल माझं मत इतकं कडक नाही. चौथी नळी चांगल्या हातांतूनही सुटते. उपचार फसणं आणि हलगर्जीपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. पण रुग्ण तीन आठवडे दुखतंय म्हणून सांगतो आणि त्याला न तपासता फोनवर कॅपचा भाव सांगितला जातो, तिथं माझी सहानुभूती संपते.

रुग्णाच्या बाजूनं काय बदलता आलं असतं? गोळ्यांची नावं आठवण्यापेक्षा दुखण्याची चाल सांगणं जास्त उपयोगी पडलं असतं: केव्हा वाढतं, कशानं थांबतं, चावताना दुखतं की आपोआप. एक्स-रे मागता आला असता. दाढ काढू देण्याआधी "हीच कशावरून?" असं विचारता आलं असतं. पण बारा रात्री जागलेला माणूस हे विचारेल अशी अपेक्षा धरणं मला फारसं न्याय्य वाटत नाही. विचारायचं काम खुर्चीमागच्या माणसाचं आहे.

तक्रारीचा प्रश्न

पत्नीला तक्रार करायची होती. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि दंतवैद्यही त्यात आले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी 1915 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. वर्तनाबद्दलची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. हे सगळं त्यांना सांगितलं. अडचण पुराव्याची होती. पहिल्या दवाखान्याची पावती नाही, केसपेपर नाही, एक्स-रे नाही. दुसऱ्यानं मागितल्यावर एक्स-रेची प्रत दिली आणि कॅप फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. ती त्यांनी नाकारली.

दत्तात्रय एकदा तालुक्याच्या दंतवैद्याकडे जाऊन आले, माझ्याकडचा एक्स-रे घेऊन. भांडायला नाही, दाखवायला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि म्हणाले की तेव्हा एक्स-रेचं मशीन बंद होतं. दत्तात्रयांनी 500 रुपये मागितले नाहीत. पत्नीचा राग त्यावरही आहे.

सध्याची स्थिती

सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत मुळाखालची सावली लहान झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. हाड भरायला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं, तोवर यश मिळालं असं मी लिहीत नाही. डाव्या बाजूनं ते भाकरी चावतात.

गोळ्या, वरची दाढ, पहिलं रूट कॅनल, दुसरं रूट कॅनल आणि कॅप मिळून खर्च 15 हजारांच्या पुढे गेला. पहिल्याच भेटीत निदान झालं असतं तर रूट कॅनल आणि कॅप मिळून याच्या निम्म्यात भागलं असतं, आणि वरच्या दाढेचं भगदाडही कदाचित भरता आलं असतं.

वरची जागा रिकामीच आहे. तिच्यासमोरची खालची दाढ आधार नसल्यानं हळूहळू वर सरकू शकते, म्हणून दर तपासणीला तिची उंची मोजतो. अजून फरक नाही. इम्प्लांटचा भाव त्यांनी विचारून ठेवला आहे. मुलीच्या बारावीनंतर बघू म्हणाले.